आखाजीचा मुराळी

झुलाल : आजून पिशवी भरी नही? भिकू, चारनी साक्री एस्टी हुकनी तर धुळ्यातच आडकसूत वं आपण.

भिकुबाई : आधी पाणी पी, भाऊ. उन्हाचा आलास.

झुलाल : पाणी पिसू, तू ऊठ! बठ्ठ्या सासुरवाशिणी गावात उन्यात. लिंबले झोका बांधेल शे. माय रोज ईचारस, मन्ही भिकू कव्हय येई?

भिकुबाई : झोक्याचं सांगू नको रे. इथं चूल पेटवताना झोक्यावरची गाणी तोंडात येतात, मग डोळे पुसत बसते. मी येत नाही.

झुलाल : नही येस? भाऊ मुराळी बनीसन दारमा उभा, आन बहीण नही म्हनस? गावात काय तोंड दाखाडू मी?

भिकुबाई : दोन वर्षांमागं आले होते ना? नेमकी तेव्हाच महापालिकेची माणसं झोपड्या मोजायला आली. माझ्या दाराला कुलूप. शेजारच्या प्रमिलाबाईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, आखाजीच्या सणाला माहेरी गेली, साक्रीकडे. त्यांनी लिहून टाकलं, घर साक्रीला, इथं राहत नाही. मालक गेल्यावर एकटीनं चिखल तुडवून या भिंती लिंपल्या मी, अन् यादीत माझं नावच नाही!

झुलाल : मंग हाफिसात जाईसन सांग ना.

भिकुबाई : हेलपाटे घालून चपला झिजल्या. आता म्हणतात, याच हप्त्यात फेरमोजणी. कोणत्या वारी, ते सांगत नाहीत. दारात आपण उभं राहायचं, हातात नंबराची पाटी धरायची, फोटो काढतात. फोटो निघाला तर घराचा कागद मिळेल. नाहीतर रस्ता रुंद करताना पहिलं माझंच घर पाडतील.

झुलाल : मी बससू आठे. तू दोन रोज जाई ये.

भिकुबाई : अन् साहेबाला काय सांगशील?

झुलाल : बहीण माहेरले गई...

भिकुबाई : बघ, प्रमिलाबाईनं हेच सांगितलं होतं.

झुलाल : मरू दे मंग ते झोपडं! तठे आपला बापनं घर शे ना तुन्हं.

भिकुबाई : आहे का रे?

(झुलाल पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो.)

भिकुबाई : त्याच आखाजीला तालुक्याला नेलंस मला. हक्कसोडीवर हसत अंगठा दिला मी, भावाचं घर नांदतं राहो म्हणून. राग नाही, मायची शपथ. पण त्या चार दिवसांत तिकडनं माझं नाव मी काढलं अन् इकडनं यांनी. मी कुठलीच राहिले नाही, भाऊ.

झुलाल : हाऊ ईचार मन्हा मनमा कधी उनाच नही वं.

भिकुबाई : माझ्या तरी कुठं आला? पन्नाशीची बाई, कधी झोक्यावर बसते असं झालं होतं मला.

झुलाल : माय थकनी शे आता. पुढली आखाजी देखी का नही...

भिकुबाई : नको बोलू, जीव तुटतो. तुझ्याआधी पळत जाऊन एस्टीत बसावंसं वाटतं. हा खण तेवढा दे तिला. चोळी शिवून घाल म्हणावं वहिनीला.

झुलाल : आन तू का नही उनी, मायले काय सांगू?

भिकुबाई : सांग, भिकू तिच्या घरी आहे.