जड त्याचं वर्तुळ लहान

लाल झेंडा म्हणजे बाद, ताई. गेली, दुसरी फेकही गेली. — नाही हो, लांब पडली म्हणून काय, पाय पडला ना तिचा वर्तुळाबाहेर — पहिली डावीकडच्या जाळीत, दुसरीला पाय बाहेर — आता एकच राहिली. तीही बाद झाली की पिशवी भरायची आणि घरी. कोण म्हणजे? ती काय, निळ्या बनियनमधली, हातमोजा दातांनी ओढतेय ती. मुलगी नव्हे, सून माझी. हसा, हसा, सगळेच हसतात — सून हातोडा फेकते आणि सासू टाळ्या वाजवते, लोकांना उलटं ऐकायची सवय. आणि हातोडा तरी कुठला, नाव तेवढं हातोडाफेक — असतो लोखंडी गोळा, गोळ्याला तार, तारेला मूठ. मूठ धरायची, गरगर फिरायचं आणि सोडायचं. सोडायचं, हेच अवघड.

मुलगा माझा जहाजावर, वर्षातले जेमतेम तीन-चार महिने घरी, म्हणजे संसार कुणाचा म्हणाल तर आम्हा दोघींचाच. लग्न होऊन आली त्याच वर्षी एकदा मागच्या अंगणात पाहते तर ही पाण्यानं भरलेली बादली गरागरा फिरवतेय. म्हटलं, हिचं डोकं तर फिरलं नाही? तर म्हणाली, आई, कॉलेजात हातोडा फेकायचे मी, सवय गेली का बघत होते. आणि उभी कशी, तर खांबासारखी ताठ. आता मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेली बाई, गप्प कशी बसणार? म्हटलं, अगं, तू काय खांब आहेस? चंद्र पृथ्वीभोवती फिरतो असं आम्ही पोरांकडून घोकून घेतो, ते अर्धवटच असतं. पृथ्वी चंद्राला ओढते, तेवढ्याच जोरानं चंद्रही पृथ्वीला ओढतो, आणि दोघं मिळून फिरतात, मधल्या एका बिंदूभोवती. जड त्याचं वर्तुळ लहान, हलका त्याचं मोठं, इतकाच काय तो फरक. पृथ्वी एवढी जड की तो बिंदू तिच्या पोटातच पडतो, म्हणून आपल्याला वाटतं बाई जागची हलत नाही. हलते. तूही हल. गोळा ओढेल तेवढी मागे रेल, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखी. — तिनं बादली खाली ठेवली आणि म्हणाली, कळलं नाही, तुम्ही माझे हात धरा. धरले. आणि फिरलो हो दोघी, मागे रेलून, या वयात, शेजारीण भिंतीवरून बघतेय! माझी समजूत अशी की मी मध्ये आणि ही माझ्याभोवती. कसलं काय — थांबलो तेव्हा माझी एक चप्पल पार नळापाशी.

तेव्हापासून रोज सकाळी मैदान. ती फेकणार, मी काठावर बसून ओरडणार — रेल, रेल, ओढू नकोस. आज ती पलीकडची पिवळी दोरी दिसते ना, ती ओलांडली की शिबिरात निवड. शिबिर म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, वर्षभर तिथंच राहायचं, तिथंच खायचं, सुट्टी नाही. ओलांडते की, सरावात कितीदा ओलांडलीय, सहज —

हात? हात बरा आहे आता, मूठ वळते, डब्याचं झाकण तेवढं उघडत नाही. — थांबा. थांबा जरा. हाताचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर आल्यापासून बाही खाली ओढून बसलेय. सांगा ना. आणि ही पाण्याची बाटली, ऊन लागतंय का, पायऱ्या जपून उतरा — स्टेडियमभर एवढी रिकामी जागा सोडून तुम्ही माझ्याच शेजारी येऊन बसलात. तिनं सांगितलं ना? सकाळी फाटकाशी एका बाईंशी बोलत होती, त्या तुम्हीच. आईंजवळ बसाल का म्हणाली असेल. — अहो, तुमच्यावर कशाला रागावू मी.

मी पडले हो थंडीत, न्हाणीघरात. मनगट मोडलं. त्या दिवशी ही एकटीच मैदानावर गेलेली, आली तेव्हा मी तशीच भिंतीला टेकून बसलेली. तेव्हापासून हिचा जीव थाऱ्यावर नाही. दुधाला गेली तरी धावत परत येते. आणि आज सकाळी बसमध्ये म्हणाली, आई, नाही जमलं तर नाही, तुम्हाला एकटीला टाकून वर्षभर कुठं जाऊ? मी म्हटलं, बरं. काय म्हटलं? बरं म्हटलं! जा म्हणायचं सोडून. आणि खरं सांगू — मनातून हायसं वाटलं मला. तुम्हाला का सांगतेय मी हे.

म्हणजे बघा, दोन्ही वेळा वर्तुळात शिरायच्या आधी तिनं इकडे पाहिलं. मला वाटलं धीर यावा म्हणून बघते. ती तुम्हाला शोधत होती. जागेवर आहात ना, आई एकटी तर नाही ना. पहिल्यांदा मूठ सोडलीच नाही वेळेवर, म्हणून गोळा जाळीत. दुसऱ्यांदा सोडली, पण गोळा सुटला की आपणही उलट्या बाजूला कलंडतो — ओढ तुटते ना, ती दोन्हीकडून तुटते — तिथं पाय रोवून उभं राहायचं असतं. ते तिला येतं. मीच शिकवलंय. आज येत नाहीये, कारण मी बरं म्हटलं.

तिचं नाव पुकारलं. उठा तुम्ही. हो, उठा, खरंच सांगते, त्या टोकाला जाऊन बसा, त्या खांबापलीकडे. बाटली घेऊन जा. मला काही होत नाही. लवकर हो, ती वळतेय — बघितलं. बघू दे. हा हात वर करते, हाच, मोडलेला. जा गं! जा तू! ऐकू गेलं असेल का एवढ्या लांब? मान हलवली का तिनं? तुम्हाला तिथून दिसलं?

शिरली आत. डोक्यावरून एक, दोन... आता फिरणार. रेल. रेल, रेल, बस खाली — अशी — हं — सोड —

पडला का? कुठे पडला? मला ते चकाकतंय सगळं. पाय आतच आहे ना तिचा? झेंडा कुठला, ताई, सांगा ना. पांढरा? नक्की? दोरीच्या पलीकडे?

नको, नको, येऊ नका तुम्ही इकडे. रुमाल आहे माझ्याकडे. बसा तिथंच. ती अजून वर बघतेय.