कोपरापर्यंतची रोटी

मी मूळची हिंगणीची, बोर धरनाच्या अंगाची. माहं नाव वच्छला, पन माहेरी वच्छला कोनी म्हनतच नव्हतं, रोटीवालीची पोरगी म्हनत. माय लंबी रोटी करे. तुमी खाल्ली असन ना, लगनात, आमरसासंगं नाईतर वांग्याच्या भाजीसंगं, रुमालावानी पातळ? पन करताना पाह्यली का कधी? नाई ना, मंग ऐका. कनीक सैल भिजवाची, इतकी सैल का हातात घेतली तर खाली लोंबली पाह्यजे, अन् मंग परातीत आपटाची, उचलाची अन् आपटाची, उचलाची अन् आपटाची, पार घाम निघेपर्यंत. मंग गोळा घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवाचा, तो लांबत लांबत मनगटावर येते, मनगटावरून वर सरकते, अन् कोपरापर्यंत आला का चुलीवर पालथं मडकं तापलेलं असते त्याच्यावर टाकाचा. माय म्हने, रोटी कोपरापर्यंत आली पाह्यजे, मनगटावरच राह्यली तर ऊठ इथून, दुसरीले बसू दे. अशी होती माय. हात धरून नाई शिकवलं तिनं, हातावर चापटा मारून शिकवलं.

लगन होऊन वडनेरले आली. सासरी वावर होतं, खाऊन-पिऊन बरं होतं, रोटीचं कोनाले काही पडलं नव्हतं. पन गावातल्या एका लगनात बोलावलेल्या रोटीवाल्या बाया आल्याच नाई, वरात दारात, अन् पोरीचा बाप डोकं धरून बसला, मंग मी पदर खोचला अन् बसली मडक्यापाशी. नवी सून मी, सासू माह्याकडं पाहे अन् लोकाईकडं पाहे. तवापासून जे नाव झालं ते झालं. हिंगनघाटपासून लोक येत, लगन ठरलं का आधी मले सांगत, मंग मांडववाल्याले. वच्छलाबाईच्या रोट्या. हे दोन शब्द मले लय गोड लागत, खोटं काऊन बोलू.

मंग धाकटी जाऊ आली, कांता. पहिल्या दिवशी तिची रोटी मडक्यावर पडाच्या आधीच फाटली, अर्धी चुलीत गेली, अन् ती तिथीच रडाले लागली. सासू म्हने, माहेरी काय शिकून आली वं तू? मी म्हटलं, आत्याबाई, तुमी उठा बरं इथून, अन् कांताले म्हटलं, रडू नको बह्यन, दुसरा गोळा घे. मी तिले चापटा नाई मारल्या. मांग बसून, माहे हात तिच्या हाताखाली धरून शिकवलं. मंग आमची जोडी झाली, एका मडक्यावर मी, बाजूच्या मडक्यावर ती. तिचा गोळा संपत आला का मी न पाह्यता माह्याकडची कनीक तिच्याकडं सरकवो. तिची पल्लवी झाली तवा ती बाळंतीन, अन् पोर माह्या हवाली, मी एका हातानं पाळना हालवो अन् एका हातानं भाजी ढवळो. मले पोरगी नाई, पल्लवी मलेच मोठी माय म्हने. एकच आंगन, एकच रांजन, मधात भिंत असून नसल्यावानी.

अन् मंग हे दुखनं आलं. कोपराच्या बाहेरच्या अंगाले, हे पाहा, इथी, या हाडापाशी. आधी कनीक आपटताना कळ ये, मी म्हटलं जाऊ दे, काम केलं का दुखतेच. मंग लुगडं पिळताना दुखाले लागलं, मंग चहाचा कप उचलताना. सांगा, चहाचा कप! परात उचलनारी बाई मी, अन् कप हातातून सुटला, चहा सगळा ह्यांच्या धोतरावर. गावातल्या डॉक्टरनं सुई देली कोपरात, अशी जादू झाली का मी दुसऱ्याच लगनात पुन्हा आपटाले बसली, अन् थोड्याच दिवसांत दुखनं दुपटीनं परत आलं. मंग कांता मले हिंगनघाटले घेऊन गेली, दुसऱ्या डॉक्टरकडं. तो म्हने याले टेनिस एल्बो म्हनते. मी म्हटलं, साहेब, मी तर आयुष्यात लगोरीबी धड खेळली नाई. तो हासला. म्हने नाव आहे फक्त, मनगट वर उचलनारी जी नस हाडाले चिकटलेली असते ती झिजते. थोडे दिवस आपटनं बंद करा, कोपराखाली पट्टा लावा, मंग हळूहळू कामाले लागा, अन् नाईच बरं झालं तर पुढं ऑपरेशनचं पाहू. असं बोलला तो. मी तिथीच बसून होती, कांताबी बाजूले बसून होती. आमी दोघीनं एकच ऐकलं.

घरी आली अन् कांतानं आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडलं, हिरव्या काठाचं, अन् माहा हात गळ्यात बांधून देला. म्हने बाई, आता तुमी काहीच करू नका, गिलासबी उचलू नका, ती नस तुटली तर कापाच लागते. रोज सकाळी येऊन बांधे. भाकरी तीच आने, पानी तीच भरे, माही वेनी घाले. मी ह्याईले सांगे, पाहा हो, सख्खी बह्यन असं करनार नाई. माह्या डोळ्यात पानी ये. काय सांगू तुमाले, आता ते आठवलं का माह्याच तोंडात मारून घ्यावं वाटते. लगनाचा सगळा हंगाम मी खाटेवर बसून काढला, गळ्यात फडकं, अन् कांता तिच्या भावजयीले संगं घेऊन मडक्यावर जाये. मी म्हटलं, जाऊ दे, काम तर घरातच आहे.

हात बरा होईना. दुखनं कमी झालं, पन जोरच नाई राह्यला, बोटं अशी मऊ पडली, डब्याचं झाकनबी उघडेना. हे एक दिवस म्हने, अवं, बैलाले हंगामभर दावनीले बांधून ठेवलं तर तो जू ओढन का? चाल वर्ध्याले. कांता आडवी आली, बाई, जाऊ नका, ते व्यायाम करवते अन् नस तुटते, माह्या मामीचं तसंच झालं. पन ह्याईनं ऐकलं नाई. तिथच्या दवाखान्यात व्यायामवाली मॅडम होती, बारीक, माह्या पल्लवीएवढी. तिनं पहिले गळ्यातलं फडकं सोडलं अन् विचारलं, मावशी, हे कोनं बांधाले सांगतलं? मी म्हटलं जावेनं बांधलं, डॉक्टरनं आराम सांगतला म्हनून. तिनं डॉक्टरची चिठ्ठी पाह्यली, म्हने इथी तर असं काही नाई. थोडे दिवस आराम ठीक होता, पन इतके महिने बांधून हात अजून कमजोर झाला. म्हने याले ऑपरेशनची काही गरज नाई, पन धीर पाह्यजे, अन् मेहनत तुमचीच. तेच फडकं वलं करून दोन्ही हातानं पिळाचं, आधी हलकं. मंग हात पाटावर ठेवून, पंजा पालथा पाटाबाहेर काढून, पान्यानं भरलेली लहान बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडाचं, अन् वर उचलताना दुसऱ्या हाताचा आधार घ्याचा. थोडं दुखन, दुसऱ्या दिवशीपर्यंत शांत झालं तर चालते, नाई झालं तर कमी करा. वजन उचलाचं तर तळहात वर करून. अन् पट्टा कामाच्या वेळी फक्त.

मी म्हटलं, अन् रोटी? लाजतच विचारलं, उत्तराचं भेव होतं ना. ती म्हने, रोटी काऊन नाई? आधी मुठीएवढ्या कनकीची, मंग वाढवा. बापा, मी तिथीच रडली. मले वाटलं होतं माह्या हातचं काम संपलं.

मंग मी पिळाले लागली. फडकं वलं करो अन् पिळो, सकाळी, संध्याकाळी. पहिले पहिले तर थेंबबी पडे ना. हे माह्यासमोर बसत अन् म्हनत, पडला पडला, एक पडला, अन् मी हासो. कांता आंगनातून पाहे. तिचं येनं कमी झालं. मी म्हटलं कामात असन.

अन् मंग हिंगनघाटच्या बाजारात ते झालं. वांगे घेऊन उभी होती, पिशवी याच हातात, इतका हात सुधारला होता. एक म्हातारी बाई भेटली, तिच्या तीन पोरींच्या लगनात मी रोट्या केलत्या. तिनं मले पाह्यलं अन् धावत आली, माहा हात धरला अन् पोलक्याची बाही वर सारून कोपर पाहाले लागली. मी म्हटलं, काय पाहता हो? म्हने, टाके कुठी हायेत? मी म्हटलं, कायचे टाके? ती म्हने, अवं कांतानं सांगतलं ना, तुमचं ऑपरेशन फसलं, बोटं चालत नाई, म्हनून तर नातवाच्या लगनाले तुमाले सांगतलं नाई, म्हटलं बिचारीचं मन काऊन दुखवा. अन् तिनं माह्या गालावरून हात फिरवला, एखाद्या मयतीच्या घरी फिरवते तसा. वांगे तिथीच विसरली. डॉक्टरचं बोलनं आमी दोघीनं संगंच ऐकलं होतं, अन् त्याच्यातलं, नाईच बरं झालं तर, एवढं हिनं गाळलं अन् बाकीचं गावोगाव वाटलं! अन् रोज सकाळी येऊन माह्या गळ्यात गाठ मारे. त्याच हातानं.

घरी आली, चपलाबी काढल्या नाई. कांता आंगनात गहू निवडत होती. मी म्हटलं, कांता, माहे टाके कुठी हायेत, दाखव. ती समजली. सूप खाली ठेवलं. मले वाटलं रडन, पाय धरन, म्हनन चुकलं बाई. ती म्हने, बाई, इतकी वर्षं मी तुमच्या बाजूच्या मडक्यावर बसली, अर्ध्या रोट्या माह्या हातच्या, अन् लोक काय म्हनत? वच्छलाबाईच्या रोट्या. एकदा तरी कोनाले म्हटलं का तुमी, का ही कांताची आहे? एक हंगाम लोकाईनं माहं नाव घेतलं बाई, मले चांगलं वाटलं. मी म्हटलं, नाव पाह्यजे होतं तर मागाचं, मी देलं असतं, माहा हात काऊन मारला? ती म्हने, तुमी देलं नसतं. अन् सूप घेऊन आत गेली.

देलं असतं का मी? आता काय सांगू. पन मागून तर पाहाचं ना वं बाई! मांगून काऊन वार केला?

मंग आंगनात दोन रांजन झाले. पल्लवी चोरून ये, मोठी माय, हात कसा आहे, अन् मी म्हनो बरा आहे, जा, तुही माय पाहन. हात खरंच बरा झाला. सालभर लागलं, पन झाला. ऑपरेशन नाई, काही नाई. आता दोन्ही कोपर अंगाशी धरून आपटतो, खांद्यातून जोर लावतो, मधात थांबतो. पन बोलावनं येईना. लोकाईच्या मनात माहा हात मेला होता.

अन् पल्लवीचं लगन ठरलं. आमच्याकडं घरच्या लगनात पहिली रोटी घरातल्या मोठ्या बाईनं टाकाची असते, चुलीले हळद-कुंकू लावून. कांता कुंकू घेऊन दारात आली. मान खाली. म्हने बाई, पोरीसाठी या. मी म्हटलं येतो, पोर माही आहे, पन एक गोष्ट कराची. हळदीच्या दिवशी, सगळ्या बायांसमोर, एवढंच म्हन, का बाईच्या हाताचं ऑपरेशन झालंच नव्हतं, मी खोटं बोलली. तिनं माह्या कपाळाले कुंकू लावलं. म्हने सांगीन.

हळदीचा दिवस. मांडव भरलेला, हिंगनघाटची ती म्हातारीबी आलती. पल्लवी पाटावर, पिवळी झालेली. मी चुलीपाशी, परातीत कनीक. कांता उठली अन् सगळ्या तिच्याकडं वळल्या. कांता म्हने, आज पहिली रोटी आमच्या बाई टाकनार, देवाच्या कृपेनं त्यांचा हात बरा झाला. अन् बसली.

देवाच्या कृपेनं! सगळ्या बायांनी हात जोडले, म्हातारीनं डोळे पुसले, म्हने बाई, इतकं मोठं ऑपरेशन, देवच पावला. माह्या तोंडापर्यंत आलं होतं हो. सगळं, फडकं, गाठ, टाके, सगळं. मी मान वर केली तर पल्लवी माह्याकडं पाहे, हळदीच्या तोंडानं, तिले सगळं ठाऊक. त्या पोरीच्या हळदीत तिच्या मायची इज्जत काढू? मी गिळलं. कनीक उचलली अन् आपटली, अशी आपटली का मांडवाबाहेरची मानसं वाकून पाहाले लागली, अन् गोळा झुलवला, मनगटावर आला, वर सरकला, कोपरापर्यंत आला, अन् मी थांबली नाई, कोपराच्या वर जाऊ देला, अन् मंग टाकली. सगळं मडकं झाकलं रोटीनं. कांता बाजूलेच बसून होती, तिनं पाह्यलं, अन् मान फिरवली.

आता बोलावनं येते, एखादं-दुसरं. देवानं वाचवलेली बाई म्हनून येते. हे पाहा, तेच फडकं, हिरव्या काठाचं, विरलं आता, मॅडम म्हने आता हप्त्यातून दोन-चारदा केलं तरी पुरते, पन मी रोज पिळतो. तुमाशी बोलता बोलताबी पिळूनच राह्यली ना, पाहा, तुमच्या वहीवर शितोडे उडाले. पल्लवी नांदून राह्यली, सुखात आहे, देव तिले सुखातच ठेवो, तिची कूस भरो. कांतासाठी मागाले गेली तर तोंडातून काही निघत नाई, लटकं काऊन मागू. तुमी लिहून राह्यले ना, मंग एवढं लिहाच. वच्छलेच्या हाताचं ऑपरेशन झालंच नव्हतं. या, हे कोपर पाहा, बाही वर करतो, नीट पाहा. एक तरी टाका दिसते का?