डावीकडची सीट

होसाका : गाडीला मागे तो शर्यतीचा पंख लावायचा असेल तर दुसरं गॅरेज बघ. आधीच सांगून ठेवतो.

कुसाकाबे : पंख कोण म्हणतंय? एकसष्ट वर्षांचा झालो मी. सगळं शांतपणे करायचंय. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, गाडी होती तश्शीच आहे. चालवणाऱ्याला मात्र कळलं पाहिजे.

होसाका : मग बोल.

कुसाकाबे : सायलेन्सर नवा. आवाज हवा, पण पासिंगला चालेल एवढाच. शॉकअप नवे, मऊ-कडक करता येतात ते. रबरी बुश झाडून सगळे बदल, त्यांचा पार भुगा झालाय. ब्रेक मोठे. चाकं एकच इंच मोठी, पण दिसायला पहिल्यासारखीच.

होसाका : आणि गाडीचा रंग?

कुसाकाबे : हिरवा तसाच. त्याला हात लावायचा नाही.

होसाका : हं. रिटायर झाल्यावर माणसाला अक्कल येते म्हणतात. मला खोटं वाटायचं.

कुसाकाबे : ऐक ना, खरी गंमत पुढेच आहे. हे सगळं सामान पासिंगला चालतं. म्हणजे दर दोन वर्षांनी सगळं उतरवा, कंपनीचं जुनं चढवा, गाडी नागानोला तपासणीला न्या, घरी आणा, जुनं काढा, पुन्हा आपलं चढवा, ही कटकट संपली! इतकी वर्षं अंगणात उताणा पडून मी हेच करत आलो. गेल्या खेपेला तर कंबर अशी धरली की उठताच येईना. इकुएनं पाय धरून ओढलं मला बाहेर.

होसाका : वहिनींचा फोन आला होता तेव्हा. हसू आवरत नव्हतं त्यांना.

कुसाकाबे : हसू दे. यंदा गाडी आहे तशी पासिंगला जाणार. आणि जुनं सामान मी विकून टाकतोय. सायलेन्सर, शॉकअप, दोन्ही सीटा. उएदाला एक दंतवैद्य आहे, माझ्यासारखीच जुनी सिल्व्हिया गाडी घेऊन ती पहिल्यासारखी करत बसलाय. आपल्या सीटांचे फोटो बघून वेडा झाला. म्हणे, इतक्या जुन्या सीटा इतक्या कोऱ्या कशा?

होसाका : दोन वर्षांतून एकदा बसलं की राहतात कोऱ्या. म्हणजे गाडीत त्या शर्यतीच्याच सीटा ठेवणार तू?

कुसाकाबे : त्याच. फक्त कापड बदल, पेट न घेणारं, म्हणजे त्याही पासिंगला चालतील. साधं काळं. लाल शिलाई नको.

होसाका : वहिनींना विचारलंस?

कुसाकाबे : शिलाईचं?

होसाका : सीटा विकण्याचं.

कुसाकाबे : तिला काय विचारायचं त्यात? उलट तिच्या डोक्याचा ताप गेला. वरच्या खोलीत निम्मी जागा अडवून बसल्यात त्या सीटा. बिचारी दर उन्हाळ्यात उन्हात घालते, झटकते, परत गुंडाळून ठेवते. बघ, आलीच ती मला न्यायला.

इकुए : नमस्कार, होसाकासान. हे ओयाकी आणलेत, आत वांग्याचं सारण आहे. गरम आहेत तोवर खाऊन घ्या. अहो, तुम्ही पुन्हा गाडीखाली वाकला नाहीत ना?

कुसाकाबे : नाही गं. ऐक, तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. यापुढे पासिंगसाठी काही बदलावं लागणार नाही. मी एकटाच जाऊन येईन नागानोला. तुला पहाटे उठायला नको, की गाडीमागे उभं राहून ब्रेकचा दिवा लागतो का ते बघायला नको.

इकुए : मग दिवा कोण बघणार?

कुसाकाबे : गाडी भिंतीला पाठ करून लावली की आरशात दिसतो उजेड. तसा तो पूर्वीही दिसला असता म्हणा. मला सुचलंच नाही कधी.

इकुए : असं होय.

कुसाकाबे : आणि त्या जुन्या सीटा विकतोय.

इकुए : दोन्ही?

कुसाकाबे : जोडीच हवीय त्याला. थांब, आत्ताच विचारून टाकतो कधी येतोस म्हणून. बाहेर जातो, इथं पत्र्याखाली रेंज नाही.

होसाका : चहा टाकू, वहिनी?

इकुए : नको. बरं, टाका.

होसाका : ओयाकी छान झालेत.

इकुए : मीठ जास्त पडलंय. होसाकासान, त्या शर्यतीच्या सीटमध्ये तुम्ही कधी बसलात?

होसाका : मीच बसवल्यात त्या.

इकुए : बसवणं वेगळं. मी बसले होते एकदा. मांड्या दोन्हीकडून आवळतात, रस्त्यातला खडा न् खडा मणक्याला कळतो. उतरताना यांनी हात धरून ओढलं तर मी बाहेर आणि चपला आत. तेव्हापासून मी आपली माझी छोटी गाडी चालवते.

होसाका : शहाणपणा केलात.

इकुए : पण पासिंगच्या दिवशी ती जुनी सीट असते. सायलेन्सरही जुना, त्यामुळे माणसानं बोललेलं माणसाला ऐकू येतं. लग्नाआधी आम्ही असेच फिरायचो, याच गाडीतून. तपासणी झाली की आम्ही कुठंतरी सोबाच्या शेवया खातो, मग हे मुद्दाम नदीकाठच्या लांबच्या रस्त्यानं गाडी घेतात. आणि बोलतात हो! घरी 'हं' आणि 'बरं' यापलीकडे शब्द नाही, पण त्या दिवशी थांबत नाहीत. गेल्या खेपेला सासूबाई गेल्या त्या रात्रीचं सांगितलं. हे दवाखान्याच्या जिन्यात एकटेच बसून रडले होते म्हणे. मला ठाऊकच नव्हतं.

होसाका : हे मला सांगून काय उपयोग? मी बोल्ट आवळणारा माणूस. त्याला सांगा.

इकुए : त्यांना वाटतं मी दिवा बघायला येते. परत आलो की दर वेळी माफी मागतात, तुझा दिवस गेला म्हणून.

होसाका : मग तुम्ही काय म्हणता?

इकुए : असू दे म्हणते. आता इतक्या वर्षांनी काय सांगायचं? लाज वाटते.

होसाका : वाटू दे. एकदा तो दंतवैद्य सीटा घेऊन गेला, की मग सांगून न सांगून सारखंच.

(कुसाकाबे फोन खिशात टाकत परत येतो.)

कुसाकाबे : ठरलं! रविवारी टेम्पो घेऊन येतोय. फार खूश झाला.

इकुए : डावीकडची देऊ नका.

कुसाकाबे : काय?

इकुए : डावीकडची सीट. ती द्यायची नाही.

कुसाकाबे : अगं, जोडी आहे ती. एकटी सीट कोण घेणार?

इकुए : मी घेते.

कुसाकाबे : तू? आणि करणार काय तिचं?

इकुए : बसणार. मला त्या गाडीत तुमच्या शेजारी बसायला आवडतं. दिवा बघायला मी कधी आलेच नव्हते. खरं सांगू का, दिव्याकडे माझं लक्षही नसायचं. नुसतं 'लागला, लागला' म्हणायचे.

कुसाकाबे : न बघता?

इकुए : लागतच असणार ना. आदल्या दिवशी तुम्ही दहादा तपासलेला असायचा.

कुसाकाबे : मला वाटायचं, तुझा दिवस फुकट जातो.

इकुए : त्या दिवसाची मी दोन-दोन वर्षं वाट बघायचे.

कुसाकाबे : होसाका, तुला माहीत होतं हे?

होसाका : मी ओयाकी खातोय.

कुसाकाबे : पण एक सीट अशी, एक तशी... आतून कसं दिसेल ते?

होसाका : भिकार दिसेल. माझ्या गॅरेजमधून तशी गाडी जाणार नाही.

कुसाकाबे : मग?

होसाका : मग तुझीही काढ. दोन्ही जुन्या सीटा चढवतो. आत नवा फोम भरतो, कमरेला टेकू देतो, वरचं कापड तेच. उघडून बघितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

कुसाकाबे : त्या सपाट सीटवर? वळणावर सरकत दारापर्यंत जाईन मी.

होसाका : वळणावर हळू जा.

कुसाकाबे : आणि दंतवैद्याला काय सांगू? आत्ताच शब्द दिलाय मी त्याला.

इकुए : मी सांगते त्याला. फोन लावून द्या इकडे.

कुसाकाबे : नको, नको. माझं मी बघतो. मी दिलेला शब्द, मीच मोडीन. इकुए...

इकुए : काय?

कुसाकाबे : नाही म्हणजे, गाडी तयार झाल्यावर कुठं जाऊ या?

इकुए : कुठंही. तेवढं पासिंगचं ऑफिस सोडून.