शंभरात ऐंशी लोकर

मातीच मागायलेय अर्जुनकाका, जमीन न्हाई मागत तुमची. मागच्या वर्षी पिशवीभर नेली, तिचं काय केलं म्हणता? — सांगते ना. तुमचे बैल फऱ्यानं गेले, इथंच पुरले, त्याला बारा वर्षं झाली — अन् औंदा तिथंच चरलेली कालवड गेली का न्हाई? कशानं गेली? तर त्या रोगाचा जंतू बीजावानी टणक होऊन मातीत बसतो. उन्हानं मरत न्हाई, नुसतं उकळलं तरी मरत न्हाई. त्या टणक बीजात कोणकोणती प्रथिनं हायती, ती एकेक करून ओळखायची — एवढंच माझं काम. एवढंच! आठ महिने गेले ते बीज वाढवून, मारून, फोडायला. हातात आलं काय? चमचाभर पाणी.

ते हैदराबादच्या प्रथिनं ओळखायच्या मशीनीत घातलं. मशीन काय म्हणती? — लोकर! शंभरात ऐंशी प्रथिनं मेंढीच्या लोकरीची. आमचे सर माझ्याकडं बघायलेत, मी सरांकडं. हसू नका काका, माझं लई डोकं फिरलंय. लोकर बी प्रथिनच ना — एक तंतू पडला की जंतूचं सगळं झाकून टाकती.

आमच्या आप्पांची, माझ्या बापाची घोंगडी, दुसरं काय. मेंढरामागं फिरणारा माणूस, खांद्यावरनं कधी उतरवत न्हाई. हैदराबादला जाताना दुपारी घरी थांबलते — आप्पांनी त्या पाण्याची नळी उघडली, सरांना मी तेच सांगितलं. आप्पांना फोनवर म्हणले, तुमच्या घोंगडीनं माझं वर्ष खाल्लं… उघडली न्हाई ओ त्यांनी. त्यांना कुठं येतंय उघडायला? मीच उघडली. इतकी वर्षं शिकायले, त्यांनी एकदा बी विचारलं न्हवतं, अन् त्या दिवशी म्हणले, तेजे, तू करतीस तरी काय, दाव की. दावलं. ते वाकले, घोंगडी नळीवर आली — मला दिसलं काका, दिसलं, अन् सरका म्हणायला माझी जीभ उचलली न्हाई.

रागावले? — न्हाई. काल त्यांचाच फोन आलता. म्हणले, घोंगडी जाळली बाई, आता बिनघोर ये. मी लांबनंच बघीन.

आता माती देता का न्हाई ते बोला. — ने म्हणता? मग असं बघू नका माझ्याकडं. जावा तुमी काका, जावा. मी उकरते.