औंढ्याच्या उतारावरचं गवत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख माननीय राजेंद्रदादा, प्राचार्य निलेश सर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी आणि औंढ्याहून हातातली कामं टाकून आलेल्या धोंडाबाई,

माझ्याबद्दल आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं की, ही प्राणिशास्त्राची अनघा मॅडम की दुसरीच कुणी, अशी शंका आली. एकतीस वर्षं या कॉलेजात शिकवलं, लोणावळ्यानं भरभरून दिलं. मी ऋणी आहे. सूत्रसंचालक म्हणाले, 'दोन गोड आठवणी सांगा.' माझ्याकडे आज एकच आहे, आणि ती गोड नाही.

बारा वर्षांपूर्वी औंढ्याच्या वरच्या उतारावर धोंडाबाई म्हशीसाठी गवत कापत होत्या. मध्येच एक ठोंब तसाच सोडून त्या पुढे सरकल्या. मी विचारलं, "मावशी, हा का सोडला?"

"आत घरटं हाय, बाई. गवत्याचं. तेवढ्यानं म्हस काय उपाशी मरत न्हाई."

मी वाकून पाहिलं. रुंद शेपटीचा, तपकिरी, मुठीत मावेल एवढा पक्षी. पश्चिम घाट सोडला तर जगात कुठंही नाही. एरवी तो दिसतच नाही, पण पावसाळ्यात नर गवतातून वर उडतो आणि गात गात खाली येतो, तेव्हा मोजता येतो. त्या वर्षी आम्ही सव्वीस नर मोजले. पुढची पाच वर्षं साधारण तेवढेच. त्याला काय हवं? कमरेच्या वर गवत आणि अधूनमधून एखादं झुडूप. आणि झाड? झाड नको हो! झाडावर शिक्रा बसतो आणि पिल्लं टिपतो, सावलीत गवत मरतं. हे सगळं मी अहवालात लिहिलं.

पण कागदोपत्री तो उतार 'पडीक'. आपल्या संस्थेनं तो हिरवा करायचं ठरवलं. जो आधीच हिरवा होता, तो! मी अहवाल घेऊन दादांकडे गेले. दादा, रागावू नका, तुमचेच शब्द सांगते: "मॅडम, झाडं लावायला कुणी नाही म्हणतं का? लोक काय म्हणतील?"

मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. उद्घाटनाला करंजाचं पहिलं रोप मी माझ्या हातांनी लावलं, टाळ्याही घेतल्या.

दोन वर्षांत नर सतरा झाले. मग अकरा. मग सहा. मी पत्रं लिहीत राहिले, 'नोंद घेतली आहे' अशी उत्तरं येत राहिली.

गेल्या ऑगस्टमध्ये नवे खड्डे खणायला माणसं आली. मी त्या सकाळी एका कचेरीच्या बाकावर. साहेब मीटिंगमध्ये. धोंडाबाईंचा फोन आला.

"बाई, कुदळ पार घरट्यापाशी आलीया. काय करू?"

"मावशी, मी अर्ज देतेय."

त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. धोंडाबाईंनी फोन ठेवला आणि सरळ त्या गवतात जाऊन बसल्या. मुकादम म्हणाला, "आजी, उठा, काम अडलंय."

"अडू दे. मी हितंच बसनार."

भर पावसात दुपारपर्यंत बसल्या. शेवटी कंटाळून माणसं पुढं गेली, तेवढा तुकडा सुटला. दहा दिवसांनी तिथून तीन पिल्लं उडाली. माझा अर्ज? विचाराधीन आहे.

आता येत्या वीस जुलैला उरलेल्या उतारावर वृक्षारोपण आहे. निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुणी म्हणून, मला न विचारता, माझं नाव छापलंय. दादा, ते काढा. मी येणार आहे, पण गवतात बसायला, धोंडाबाईंच्या शेजारी. खड्डे खणायचे असतील तर आधी आम्हा दोघींना उठवावं लागेल.

आपण सगळ्यांनी केलेल्या कौतुकाबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी कडू बोलले, कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि ज्यांना पटलं असेल त्यांनी सकाळी आठला या. जागा धोंडाबाई दाखवतील.