यादीत न दिलेला नंबर

जबाब देणार: बाजारात 'मशीनवाल्या ताई' म्हणून ओळख, वय ५८ वर्षे, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, दुरुस्ती करताना मी फोनवर व्हिडिओ लावते. हात तेलाचे असतात. व्हिडिओ हळू चालावा आणि दुसरे पान उघडले तरी कोपऱ्यात छोट्या चौकटीत चालू राहावा, एवढीच माझी अपेक्षा. जुन्या ब्राउझरमध्ये तो बंद पडायचा.

गेल्या सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास मी आईच्या मशीनसारख्या जुन्या मशीनचे टाके का सुटतात याचा व्हिडिओ पाहत होते. मध्येच 'व्हिडिओसाठी सर्वांत भारी ब्राउझर' अशी जाहिरात आली. मी तिथूनच तो घेतला. त्याने फोनमधले सगळे नंबर मागितले, मी हो म्हटले. व्हिडिओ दाखवायला नंबर कशाला लागतात, हे मला सुचले नाही. माझी अक्कल गहाण पडली होती, असे लिहून घ्यावे.

व्हिडिओ छान चालला. पण चार वाजेपर्यंत माझ्याकडच्या २१२ नंबरांवर 'हे बघ आणि लगेच सांग' असा निरोप परस्पर गेला. सोबत तोच व्हिडिओ आणि खाली जुगाराच्या जाहिराती. मुख्याध्यापकांनी तो पूर्ण पाहून माहिती उपयुक्त असल्याचे कळवले. दंतवैद्यांनी फोन करून नाही नाही ते ऐकवले.

त्या २१२ मध्ये माझी धाकटी बहीण होती. आई गेल्यावर तिचे मशीन कोणी ठेवायचे यावरून आमचे बिनसले. मशीन मी ठेवले. चार वर्षे बोलणे नव्हते. मशीन टाके सोडत होते आणि गावभरची मशीनं दुरुस्त करणाऱ्या मला ते जमत नव्हते. दिव्याखाली अंधार.

त्याच संध्याकाळी तिचे उत्तर आले, "सुई उलटी लावली असशील. उद्या येते." मंगळवारी ती तेलाची कुपी घेऊन आली. त्या मशीनला सुईची चपटी बाजू इतर मशीनच्या उलट लागते. आईने हे फक्त तिलाच सांगितले होते. तेव्हापासून ती रोज येते, दोघी मिळून पडदे शिवतो. मी फार आनंदात आहे.

आज येथील हवालदार बाईंनी तो ब्राउझर काढून टाकला व पासवर्ड बदलून दिले. नवा ब्राउझर फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घेतला. बनवणारा कोण, अपडेट वेळेवर येतात का, जाहिराती अडवतो का, हे आधी पाहिले. तो व्हिडिओ हळू करतो, छोट्या चौकटीतही दाखवतो आणि नंबर वगैरे काही मागत नाही. असा जावई शोधून सापडायचा नाही.

निरोप आपोआप गेला होता, हे सर्वांना फोन करून कळवायचे म्हणून हवालदार बाईंनी यादी मागितली. मी २११ नंबर दिले. त्यांनी मोजले व त्या म्हणाल्या, "ताई, आज ना उद्या तिला कळणारच."

मी म्हटले, "मीच सांगेन. पडदे तेवढे होऊ द्या."

ब्राउझर बनवणाऱ्यांविरुद्ध माझी तक्रार आहे. २११ निरोपांबद्दल आहे.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. बहीण सोबत आली असून दाराबाहेर बाकावर बसली आहे, म्हणून माझ्या विनंतीवरून तो हळू आवाजात वाचण्यात आला.