पावणेदोन पौंड आणि एक 'हं'

...नाही, हसा, हसा तुम्ही! पण आधी मला एक सांगा. माणूस तुमच्या मोटरसायकलच्या मागं उकिडवा बसतो, मागच्या चाकावरची चेन दोन बोटांत धरून ओढतो, एक डोळा बारीक करून बघतो, आणि मग काही बोलायचं सोडून नुसतं 'हं' म्हणतो... याचा अर्थ काय? बरं आहे 'हं'? की संपलं 'हं'? अहो, डॉक्टर 'हं' म्हणाला तर पुढं गोळी तरी लिहून देतो! हे लोक 'हं' म्हणतात, हात पँटला पुसतात आणि कॉफी प्यायला निघून जातात!

तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस आहे. त्यात लाजायचं काय? तीस वर्षं मिझुला गावात शाळेची बस चालवतोय, रोज सकाळी बसभोवती फेरी मारतो, एकेक नट हातानं चाचपतो, दिवे बघतो, टायरला लाथ घालतो, मगच दार उघडतो. लोक हसतात. हसू देत! आणि असल्या माणसानं स्वतःच्या गाडीला काय बसवावं? तर पावणेदोन पौंडांनी हलकं स्प्रॉकेट!

स्प्रॉकेट म्हणजे ती मागच्या चाकाची दातेरी चकती हो, जिच्यावरून चेन फिरते. माझी मूळची होती पोलादी. जड, काळी, कुरूप, पण कधी कुरकुर नाही. मग आला गॉर्डी. गॉर्डी म्हणजे माझी बायको मार्लिस, तिचा धाकटा भाऊ. याला वजनाचं वेड! ब्रेकच्या दांडीला भोकं पाडलेली, बोल्ट पोकळ, अहो प्रवासाला नेतो तो टूथब्रशसुद्धा अर्धा कापलेला! 'दाजी, वजन म्हणजे वैरी! हे बघा, ॲल्युमिनियम. विमानाला वापरतात तसलं. हातात तर घेऊन बघा, पीस आहे पीस!' मी घेतलं हातात. सोनेरी, भोकाभोकांचं, उन्हात असं चमकत होतं... आणि फसलो. माझं स्वतःचं वजन दोनशे अडुसष्ट पौंड, आणि मी चाकातले पावणेदोन वाचवायला निघालो! तेवढे तर मी रविवारच्या नाश्त्याला टेबलावरच चढवतो!

बरं, बसवलं ते बसवलं, चेन बदलावी की नाही? चेन आणि दाते जोडीनं बदलायचे, हे मला माहीत नव्हतं? होतं! जुनी ताणलेली चेन नव्या दात्यांवर नीट बसत नाही, घासून घासून त्यांना खाते, आणि हे ॲल्युमिनियम तर खायला मऊच. पण गॉर्डी म्हणाला, 'चेन धडधाकट आहे की, दाजी!' आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

आता खरी गोम ऐका. अकरा वर्षं मार्लिस माझ्या मागं बसली नव्हती. का, तर गॉर्डीचा एक पोकळ बोल्ट माझ्या गाडीचा पायठेवा घेऊन वाटेतच सुटला आणि आम्ही दोघं गुरांच्या कुंपणात गेलो. तिच्या मनगटात अजून धातूची पट्टी आहे. त्या दिवशी तिनं माझ्याकडून शपथ घेतली, गॉर्डीकडची एकही वस्तू गाडीला लागणार नाही. आणि या जुलैत, कुस्कियाला तिच्या आईचा नव्वदावा वाढदिवस, तर मार्लिस आपणहून म्हणते, 'लाइल, गाडीवरून जाऊ या का?'

अकरा वर्षांनी! मी काय म्हणणार होतो? नाही? शनिवारी सकाळी निघण्याआधी सांगायचं ठरवलं होतं, खरंच सांगतो. त्याऐवजी शुक्रवारी संध्याकाळी शेगडीचा काळा रंग आणला आणि सोनेरी चकतीला फासला. काय माणूस झालो बघा मी!

निघालो. तिची पिशवी मागं बांधायला उचलली तर हात खाली गेला. म्हटलं, 'काय घातलंयस, दगड?' म्हणाली, 'हकलबेरी घालून भाजलेला पाय. आईला आवडतो.' म्हटलं, पाय बराच भरघोस दिसतोय. बांधला.

वाटेत लोलो गावच्या पेट्रोल पंपावर वर्नाबाई उभी. चौऱ्याहत्तर वर्षांची, तीन गाड्या झिजवलेली, या भागात चेनीबद्दल तिचा शब्द शेवटचा. मी पेट्रोल भरतोय, तोवर ही गाडीच्या मागं उकिडवी. चेन धरली. ओढली. चेन आणि दाते यांच्यामध्ये उजेड दिसला तर समजायचं, काम आटपलं. दिसला हो! मला वरून दिसला! पलीकडचा अख्खा पंप दिसत होता! मग तिनं चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटावर चमचमती भुकटी, आणि दात्यांच्या तळाशी माझा काळा रंग जाऊन खालचं सोनं उघडं पडलेलं. वर्नाबाईनं माझ्याकडं बघितलं. मार्लिसकडं बघितलं. आणि म्हणाली, 'हं.'

बस्स! हात पुसले आणि आत गेली!

मार्लिस हेल्मेट घालता घालता विचारते, 'लाइल, सगळं ठीक आहे ना? मला सांगण्यासारखं काही?' म्हटलं, 'कुठं काय! वर्नाबाईला सवयच आहे.'

मग खिंडीचा माथा, आणि तिथली ती पाटी. पुढचे नव्याण्णव मैल वळणं. जगभरातून लोक त्या पाटीपाशी फोटो काढायला येतात हो, दात काढून उभे राहतात! मला ती पाटी वाचून घाम फुटला. पुढं साठेक मैल पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला लॉक्सा नदी, आणि ती नदी रस्त्याला इतकी चिकटून की पाय लांब केला तर बूट भिजेल. आणि खालून आवाज, टक्... टक्... टक्. ताशी पस्तीस मैल. त्याच्या वर काटा जाऊच देईना मी. पन्नासची परवानगी, आणि मी पस्तीस!

तुम्हाला सांगतो, भीती काय असते ते मला तिथं कळलं. प्रत्येक वळणाला मला चित्र दिसायचं. चेन उडाली, चाकात अडकली, चाक जाम, गाडी आडवी, आणि आम्ही दोघं पायच्या डब्यासकट लॉक्सात! मी मेलो तर एक वेळ चालेल. पण तिला काही झालं तर? आणि त्याहून वाईट... दोघंही वाचलो तर? मग मी तिला काय सांगू? आणि ही मागं माझ्या पोटाला मिठी घालून काय करतेय, तर चर्चमधलं गाणं गुणगुणतेय! तिचा विश्वास बघून मला रडू यायचं बाकी होतं.

पुढं रस्त्याचं काम. एक झेंडेवाला, हातात थांबा-सावकाशची दुतोंडी पाटी, वीस मिनिटं रहदारी अडवून कंटाळलेला. आला फिरत फिरत. वाकला. म्हटलं, नको रे बाबा, तू तरी नको! त्यानं पाटी काखेत मारली, चेन ओढली आणि म्हणाला, 'हं.' मग वर बघून विचारतो, 'कुठवर जायचं?'

'कुस्कियाला.'

'आज?'

आज! अरे, 'आज' काय विचारतोस! आज नाही तर काय नाताळात!

मार्लिस मागून खांद्यावर टकटक करते, 'लाइल, तो असं का म्हणाला? काही आहे का?' मी म्हटलं, 'रस्त्याचं काम आहे ना, म्हणून.' बघा! माणूस एकदा खोटं बोलला की तोंडाला सवय लागते.

निघालो. टक्... टक्... टक्-टक्. आता दोनदा यायला लागलं! आणि एकसष्टाव्या मैलाला मागून ओंडक्यांचा ट्रक आला. भों! सरक की बाजूला! भों! मी आरशात बघितलं तर सगळा आरसा भरून त्याचं लोखंडी तोंड. पस्तीसनं चाललेल्या माणसाला ट्रकवाला काय जेवायला बोलावणार? तर घाबरून मी मूठ पिळली, आणि खाट्! खाट्-खाट्! चेन दात्यांवरून उड्या मारायला लागली! गाडीला हिसका, मार्लिसची मिठी घट्ट, आणि कशीबशी गाडी नदीकाठच्या रुंद खडीवर नेऊन उभी केली. ट्रक धूळ उडवत गेला. मी उतरलो. हेल्मेट काढलं आणि सगळं ओकलो. गॉर्डी, सोनेरी चकती, पावणेदोन पौंड, शेगडीचा रंग, सगळं! म्हटलं, 'मार्लिस, तुला हवं तर इथून चालत जा, मी सोबत चालतो, पण त्या गाडीवर पुन्हा बसू नकोस. मी तुला जवळजवळ मारलं.'

ती गाडीच्या मागं गेली. पिशवी सोडली, पायचा डबा काढून खडीवर ठेवला, आणि त्याच्या खालून, रेनडिअरची चित्रं असलेल्या टॉवेलात गुंडाळलेलं माझं जुनं पोलादी स्प्रॉकेट बाहेर काढलं. आणि नट खोलायचे दोन पाने.

म्हटलं, 'हे कुठं मिळालं तुला?'

'आईच्या वाढदिवसाला लावायला म्हणून नाताळचे दिवे काढायला गेले, तर खोक्यामागं लपवलेलं हे. लाइल, तीस वर्षांत तू ते खोकं कधी हलवलंयस? मग गाडी बघितली, सोनं चमकत होतं. शुक्रवारी काळं झालं.'

'मग बोलली का नाहीस?'

'विचारलं की! पंपावर विचारलं, रस्त्याच्या कामापाशी विचारलं. अजून किती वेळा विचारायचं?'

'अगं पण बसलीस कशी? जीव गेला असता!'

'वर्नाला विचारलं होतं आधीच. म्हणाली, चेन एकदम तुटत नाही, आधी उड्या मारते. सावकाश गेलात तर नदीत जाणार नाही, मी येते तुमच्या मागून.'

आणि खरंच हो, वळणावरून वर्नाबाई आली! हेल्मेट काढून म्हणते कशी, 'पोरा, तुझ्या मागं पस्तीसनं चालवून माझी गाडी तापली रे!'

मला राग आला, तुम्हाला खोटं कशाला सांगू. म्हटलं, म्हणजे मी एकसष्ट मैल मरत होतो आणि तुम्हा दोघींना सगळं ठाऊक! मार्लिस म्हणाली, 'अकरा वर्षांत पहिल्यांदा शहाण्या माणसासारखी चालवलीस.' बोलता बोलता तिनं ती पोलादी चकती माझ्या हातात दिली, आणि तिचे हात थरथरत होते. दोन्ही हात! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, ही गाणं कशासाठी गुणगुणत होती. ठाऊक होतं तरी घाबरली होती बिचारी. मी घाबरून गप्प, ही घाबरून गात होती. माझा राग तिथंच नदीत गेला.

चाक काढलं, जुनं पोलादी चढवलं. वर्नाबाईनं ते सोनेरी उचलून बघितलं. दाते म्हणजे सगळे एका बाजूला वाकलेले, काट्यासारखे टोकदार. म्हणाली, 'पोरा, जुनी चेन आणि जुनी चकती एकमेकींबरोबर झिजल्यात, एकमेकींना सांभाळून घेतात. त्यांच्यात हे कोवळं आणून कोंबलंस. कसं टिकेल?' मी मान खाली घातली. मार्लिस नदीकडं बघत होती, पण हसत होती, मला दिसलं.

म्हटलं, चला, झालं! आता अडतीस मैल बिनघोर! कशाचं काय! मार्लिस उकिडवी बसली. मार्लिस! तिनं दोन बोटांत चेन धरली. ओढली. एक डोळा बारीक केला. आणि...

'हं.'

म्हटलं, 'काय? काय दिसलं? मार्लिस, हं म्हणजे काय?'

'काही नाही. बस तू.'

पस्तीसनं गेलो. पोचलो तेव्हा मेणबत्त्या विझवून झाल्या होत्या आणि सासूबाई खुर्चीतच झोपल्या होत्या.

आता नवी चेन आहे. नवं स्प्रॉकेट आहे, पोलादी, पुढचं-मागचं दोन्ही जोडीनं बदललं. चेन ओढली तर कागदसुद्धा मध्ये सरकत नाही. गॉर्डीनं ते सोनेरी मागितलं, भिंतीवर टांगायला. दिलं. गाडी रणगाडा झालीय रणगाडा! पण दर रविवारी मार्लिस आधी गाडीच्या मागं जाते, उकिडवी बसते, दोन बोटांनी चेन ओढते, आणि मग माझ्या पोटाला मिठी घालून मजेत बसते. मी विचारायचं सोडून दिलंय. पस्तीस. परवा चढावर एका सायकलवाल्यानं मला मागं टाकलं. सायकलवाल्यानं! जाता जाता त्यानं मान वळवली, माझ्या मागच्या चाकाकडं बघितलं आणि त्याचे ओठ हलले. वाऱ्यात ऐकू आलं नाही. काय म्हणाला असेल हो?... नको. नका सांगू. आता मी तिसावर आणलीय.